पहिल्या वर्षाचा सेंटर हाफ

जबलपूर,
११ सप्टेंबर १९६५

शालिग्राम,

हे पत्र हॉकीबद्दल आहे, दुसरं काही नाही. पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकू नकोस. आई बरी आहे. तीन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि तूही आईच्या पत्राखाली 'बाबांना नमस्कार' एवढं कधी लिहिलं नाहीस, तेव्हा आपण दोघांनीही एकमेकांना बोल लावायला नको.

तू आईला पत्रं तिच्या शाळेच्या पत्त्यावर काहून पाठवतोस ते मला कळतं. माझ्या हातात पडू नयेत म्हणून. असो. तुझं शेवटचं पत्र २४ ऑगस्टचं. आता लढाई पेटली आहे आणि तुझी पलटण कुठे आहे ते ठाऊक नाही. आई शाळेतून आली की मी पेपर वाचत असल्यासारखा बसतो आणि तिच्या पिशवीकडे बघतो. ती मान हलवते. मग मी पुन्हा पेपर वाचतो.

तर हॉकी. आमच्या कॉलेजचा जुना सेंटर हाफ श्रीवास्तव गेला. दारूगोळ्याच्या कारखान्यात दिवसरात्र काम चालू आहे, त्याला तिथे घेतलं. सगळा खेळ ज्याच्या काठीतून जातो तोच माणूस नाही, आणि आंतरमहाविद्यालयीन सामने ऑक्टोबरात. अशात पहिल्या वर्षाला एक पोट्टा आला आहे, शहपुऱ्याचा, पुंडलिक नावाचा. वय सतरा. हाडं मोजून घ्यावीत इतका वाळका. पण चेंडू त्याच्याकडे येण्याआधी तो पुढे कुणाला द्यायचा ते त्याचं ठरलेलं असतं. वीस वर्षं मुलं खेळवून राहिलो, असा एकच पाहिला होता. तो कोण ते इथे लिहीत नाही.

प्रश्न असा की याला या वर्षी खेळवावा की बसवावा. विद्यापीठाचा नियम तुला माहीत आहे, एकाला चारच मोसम. यादीत नाव गेलं की मोसम संपला, मग खेळो न खेळो. या वर्षी बसवला तर अंगात मांस भरेल, आणि पुढे चार वर्षं तयार खेळाडू मिळेल. खेळवला तर आत्ता जिंकू, पण पोलादी हाडाचे फॉरवर्ड त्याला चेपून टाकतील. तू पहिल्या वर्षाला होतास तेव्हा तुला काय वाटत होतं, एवढं कळव. सल्ला म्हणून विचारतो आहे.

एक ओळ पुरे.

बाबा


जबलपूर,
१९ सप्टेंबर १९६५

शालिग्राम,

पत्र नाही. टपाल अडकलं असेल.

इथे कारखान्यांमुळे रात्री दिवे लावायचे नाहीत असा हुकूम आहे. खिडक्यांना काळा कागद चिकटवलाय. तुझी आई म्हणते, घर नाही, फोटो धुवायची खोली झाली आहे. गुरुवारी सराव लांबला आणि घरी निघेपर्यंत अंधार पडला. पुंडलिक मामाकडे राहतो, आपल्याच वाटेवर. मी सायकल हातात धरून चाललो होतो, तो मागून. सायकल जड लागते म्हणून वळून पाहिलं तर पोट्ट्याने कॅरियर घट्ट धरून ठेवलेलं. मी म्हणालो, सोड, मला ओढवत नाही. त्याने सोडलं आणि दहा पावलांवर उभ्या असलेल्या टांग्यावर सरळ जाऊन आदळला. टांगा शालिग्राम, सुई नाही. मला तो पुलाच्या अलीकडून दिसत होता.

रस्त्याच्या कडेला बसवून विचारलं तेव्हा रडायला लागला. "रतौंधी है मास्साब. किसी को मत बताइए." दिवस कलला की त्याला धूसर दिसतं, अंधार पडला की काहीच नाही. शहपुऱ्याला आई हात धरून न्यायची. इथे मामालाही ठाऊक नाही. आणि हा पोट्टा रोज संध्याकाळी माझ्यासमोर दगडासारख्या चेंडूंनी खेळून राहिला आहे.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवलं. म्हणाले, खाण्यातली उणीव आहे, माशाच्या तेलाने सुधारेल, पण किती दिवसांत ते सांगता येत नाही. आता तो रोज आपल्याकडे येतो, आई नाक दाबून त्याला चमचाभर तेल पाजते, वर पपई आणि पालक. तुझ्या ताटात वाढते. मी म्हणालो, दुसरं ताट नाही का घरात? तर म्हणाली, असू दे, रिकामं पाहवत नाही.

मी त्याला वचन दिलं आहे की कुणाला सांगणार नाही. तुला सांगतो आहे, कारण तू कुणाला सांगणार.

बाबा


जबलपूर,
४ ऑक्टोबर १९६५

शालिग्राम,

लढाई थांबून अकरा दिवस झाले. शेजारच्या चौबेंच्या पुतण्याचं पत्र आलं. पलीकडच्या गल्लीतल्या पोराचं आलं. तार आली की काय या भीतीने मी फाटकाची कडी वाजली तरी उठून उभा राहतो. काल दूधवाला होता. माझ्याकडे बघून तोच घाबरला.

पुंडलिकला बसवायचं असं मी पक्कं केलं होतं. मग शुक्रवारी संध्याकाळी त्याचा मामा आला, रामराव. कारखान्यात फिटर आहे, भला माणूस, पण बोलायला लागला की थांबत नाही. कारखान्याची स्वतःची हॉकी टीम आहे. फायनल बघायला त्यांचा खेळ-अधिकारी येणार आणि चार खेळाडू उचलून नेणार, पक्क्या नोकरीसह. या वर्षी लढाईमुळे जागा आहेत, पुढच्या वर्षी असतील याची खात्री कोण देणार? पुंडलिकचा बाप नाही. आई शहपुऱ्याला लोकांच्या शेतात राबते. रामराव म्हणाले, "मास्साब, पोराचा जन्म तुमच्या हातात आहे." मी हातांकडे पाहिलं. खडूने पांढरे झाले होते.

मी म्हणालो, पाहू, अजून कच्चा आहे. तेव्हा पुंडलिक दारामागे उभा होता. तो गेल्यावर आईने सांगितलं की जाता जाता तो तिला विचारत होता, छावणीकडे सदरमध्ये फौजेची भरती कुठे होते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. खेळवला तर संध्याकाळच्या उजेडात एखादा चेंडू कपाळावर बसेल. बसवला तर हा भैताड जाऊन रांगेत उभा राहील. आणि हॉकीत एकदा मैदानात उतरलेल्या खेळाडूच्या जागी दुसरा घेता येत नाही. काढला तर दहा जणांनी खेळायचं. मला मधला रस्ताच नाही.

तुला वाटत असेल, म्हातारा आता रडून राहिला. तर सांगतो, बासष्ट साली तुला बसवलं ते बरोबरच होतं. तू कच्चा होतास. कोणत्याही कोचने तेच केलं असतं.

बाबा


जबलपूर,
२७ ऑक्टोबर १९६५

शालिग्राम,

नाव दिलं. यादीच्या शेवटच्या दिवशी ऑफिस बंद व्हायला दहा मिनिटं असताना दिलं, तीनदा खोडून. आता त्याचा मोसम चालू.

मी एक हुशारी केली. आमचे सामने दुपारी तीनला लावून घेतले. प्राचार्यांना सांगितलं, मुलांचे तास बुडतात. तीनचा सामना सव्वाचारला संपतो आणि ऊन तेव्हाही मैदानावर असतं. दोन सामने झाले, दोन्ही जिंकलो. आणि पोरगा काय खेळला म्हणून सांगू! समोरचा फॉरवर्ड, त्याच्या दुप्पट, अंगावर धावून आला की हा फक्त अर्धं पाऊल सरकतो आणि तो माणूस आपल्याच जोरात पुढे निघून जातो. सेमीफायनलला आमचे दोन्ही गोल त्याच्या पासवर झाले. मी टाळ्या वाजवत नाही हे तुला माहीत आहे. वाजवल्या.

नंतर सावलीत बसलो तेव्हा ध्यानात आलं. जिंकलो म्हणजे फायनल आली.

दिवाळी झाली. आईने चकल्या केल्या, एक डबा वेगळा काढून ठेवला. पण शालिग्राम, एक गोष्ट मला खुपते. ती हल्ली शाळेतून आल्यावर मान हलवत नाही. सरळ आत जाते. तुझ्याबद्दल बोलत नाही. मी म्हणालो, चल, सदरच्या फौजी ऑफिसात चौकशी करू, तर म्हणाली, नको, कळेल तेव्हा कळेल. आई असून अशी कशी बोलते? मी तिच्यावर रागावलो. ती चूप राहिली. मला आता तिच्या चूप राहण्याचीही भीती वाटते.

बाबा


जबलपूर,
१० नोव्हेंबर १९६५

शालिग्राम,

माझी हुशारी पाण्यात गेली. फायनल शनिवारी, आणि वेळ साडेचार. कारखान्याची पाळी चारला सुटते, अधिकारी आणि कामगार त्यानंतर येणार, म्हणून. मी दोन ऑफिसांत भांडलो. एक क्लार्क मला म्हणाला, मास्साब, देशात काय चाललंय आणि तुम्ही ऊन-सावली काय घेऊन बसलात. सूर्य हल्ली साडेपाचच्या आत मावळतो. दुसरा अर्धा भाग सगळा कातरवेळेत.

पुंडलिक म्हणतो, डोळे बरे झाले. आईही म्हणते, आता तो पाण्याचा तांब्या अंधारात बरोबर उचलतो. सात आठवडे तेल पोटात गेलं आहे, फरक तर आहेच. पण किती? काल सगळे गेल्यावर त्याला मैदानावर थांबवलं. समोरचं झाड काळं दिसायला लागलं तेव्हा तीस पावलांवरून एकेक चेंडू मारायला लागलो. पहिला अडवला. दुसरा, तिसरा, दहावा. पंधरा चेंडू अडवले. मी इतका खूश झालो की डोळ्यांत पाणी आलं. म्हणालो, चलो, आणखी एक. मी मारला आणि त्याच क्षणी कारखान्याचा भोंगा झाला. चेंडू त्याच्या नडगीवर बसला. त्याने काठी हलवलीसुद्धा नाही.

तेव्हा समजलं. तो चेंडू बघत नव्हता, ऐकत होता. आपलं मैदान मुरमाचं, चेंडू खरखरत येतो. फायनलला दोन हजार माणसं ओरडत असतील.

नडगी चोळत तो म्हणाला, "मास्साब, एकच तर सुटला. कुणाचाही सुटतो." खरं आहे, कुणाचाही सुटतो. मनात एकच ठरवलं आहे: पहिला अर्धा भाग उजेडात खेळवीन, मध्यंतराला बाहेर काढीन, पुढे दहा जण खेळतील. त्याला आधी सांगणार नाही. सांगितलं तर तो हलक्या पायाने खेळेल. खरं म्हणजे सांगायला मला धीर होत नाही.

तुला हे वाचून हसू येत असेल तर येऊ दे. तू हसतो आहेस एवढं कळलं तरी चालेल.

बाबा


जबलपूर,
१६ नोव्हेंबर १९६५

शालिग्राम,

शांतपणे वाच. मी आज खोटं लिहिणार नाही.

पहिल्या अर्ध्यात आम्ही एका गोलने पुढे होतो. अधिकारी खुर्चीत पुढे सरकून बसलेले मी पाहिले, त्यांच्या मागे रामराव उभे होते, तोंडभर हसत. मध्यंतर झालं तेव्हा सूर्य मदनमहालच्या टेकडीला टेकला होता. मुलं संत्र्याच्या फोडी चोखत होती. मी पुंडलिकला म्हणालो, तू थांब. त्याला समजलंच नाही. कॅप्टन म्हणाला, सर, दहा जण? रामराव दोरी ओलांडून आत आले, त्यांच्या मागोमाग अधिकारी. सगळे विचारू लागले, काहून, काय झालं? काय सांगणार होतो? डोळ्यांचं सांगितलं असतं तर त्या अधिकाऱ्याने पोराचं नाव कायमचं पुसलं असतं. आणि मी वचन दिलं होतं. काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून तोंडातून निघालं, "कच्चा आहे अजून."

तेच शब्द, शालिग्राम. तोच सूर. बोलून गेल्यावर माझ्याच कानांना ऐकू आले.

दोन गोल खाल्ले, हरलो. दुसरा झाला तेव्हा चेंडू मलाही दिसला नाही इतका अंधार होता. मी बरोबर होतो. पण पुंडलिक रेषेबाहेर उभा राहून माझ्याकडे बघत होता, आणि ती नजर मी एकदा पाहिली आहे. अधिकाऱ्याने दुसऱ्या कॉलेजची चार मुलं नेली. रामरावांनी मला नमस्कारही केला नाही.

रविवारी पुंडलिक तेल घ्यायला आला नाही. काल सकाळी रामराव दारात. पोरगा पहाटेपासून घरी नाही. मला साडेदहाचा तास होता, त्रिकोणमिती. मी सायकल काढली आणि सदरला गेलो. आयुष्यात इतक्या जोरात सायकल चालवली नव्हती.

आता ऐक. बासष्टच्या नोव्हेंबरात तू त्या रांगेत उभा होतास तेव्हा आईने मला सांगितलं होतं. म्हणाली होती, जा, त्याला आणा, तुम्ही बोलावलंत तर येईल. आणि मी तासाला गेलो. पोरांना त्रिकोण शिकवले. मला वाटलं, तास संपेपर्यंत तुझा राग उतरेल आणि तू आपसूक घरी येशील. तू आला नाहीस. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

पुंडलिक रांगेत होता, पुढे सहा जण. मला पाहून मान वळवली. मी सगळ्यांसमोर बोललो, कारण सगळ्यांसमोरच त्याला कच्चा म्हणालो होतो. "पुंडलिक, तू कच्चा नाहीस. मी भ्यालो. तुझ्यासाठी भ्यालो आणि खरं बोलायलाही भ्यालो." रांगेतली पोरं हसली. एक हवालदार म्हणाला, मास्टरजी, बाजूला व्हा.

पुंडलिक रांगेतून न हलता म्हणाला, "मैदानात मला एकट्याला सांगितलं असतं तरी चाललं असतं, मास्साब. मी स्वतःच बसलो असतो. मला माहीत होतं ना, दिसून नव्हतं राहिलं."

त्याच्यापुढे तीन जण उरले तेव्हा तो रांगेतून बाहेर आला. मला माफ केलं म्हणून आला असं नाही. म्हणाला, मामांना तुम्ही सांगा, डोळ्यांचंसुद्धा, माझ्याने होणार नाही. आम्ही चालत आलो. रामरावांना मी सगळं सांगितलं. ते ओट्यावर बसले आणि भाच्याला जवळ ओढून म्हणाले, गध्या, मला काहून नाही सांगितलं?

आता तुझं. बासष्टच्या ट्रायलच्या दिवशी एक चेंडू तुझ्या कानशिलाजवळून गेला. तुला कळलंही नाही, तू पुढे धावलास. मी पाहिलं. बोटभर अंतर होतं. लोकांची पोरं वर्षानुवर्षं त्या चेंडूंपुढे उभी केली आणि मला काही वाटलं नाही. स्वतःचा एक उभा राहिला तर त्याला बाहेर बसवला. तू कच्चा नव्हतास. त्या टीममध्ये तुझ्याएवढा तयार कोणी नव्हता. तुला पहिल्या पत्रात विचारलं की तुला काय वाटत होतं. मला माहीत होतं तुला काय वाटत होतं. मला कोचची भाषा येत होती म्हणून भीती लपली, आणि तुझं कॉलेज गेलं, घर गेलं, तू गेलास.

हे तुझ्यापर्यंत पोचो. आता एवढंच मागणं आहे.

बाबा


जबलपूर,
१७ नोव्हेंबर १९६५

शालिग्राम,

काल रात्री जेवताना मी आईला सदरच्या रांगेचं सांगितलं, परवाचंही आणि तीन वर्षांपूर्वीचंही. ती उठली. मला वाटलं, आता ही माझ्याशी बोलणार नाही. ती शाळेच्या वह्यांच्या गठ्ठ्यातून तीन पत्रं घेऊन आली आणि माझ्या ताटाशेजारी ठेवली.

तू जिवंत आहेस.

हे मी इथे पुन्हा लिहितो, कारण काल मला ते दहा-बारा वेळा वाचून खरं वाटलं. तू पुण्याच्या लष्करी इस्पितळात आहेस, उजव्या पायावर दोन ऑपरेशनं झाली, तिसरं व्हायचं आहे, चालता येईल की नाही ते डॉक्टर अजून सांगत नाहीत. पहिलं पत्र कुणा सोबत्याच्या हातचं आहे, ४ ऑक्टोबरला शाळेत आलं. त्याच दिवशी मी तुला लिहीत होतो की तू कच्चा होतास.

आई म्हणाली, त्याने शपथ घातली होती, मी काय करू? चुलीपुढे बसून रडली. दीड महिना ती हे एकटी घेऊन माझ्यासमोर पालक चिरत होती आणि मी तिच्यावर चिडत होतो.

तू लिहिलं आहेस, "बाबांना कळवू नकोस. ते येतील आणि पायाकडे बघून म्हणतील, पाहिलंस, मी म्हणालो नव्हतो?"

ते वाक्य मी पुष्कळदा वाचलं. त्यात तुझी काही चूक नाही. मी तसा माणूस होतो. बेटा, मी असं म्हणणार नाही. तुझ्या पायाकडे बघायचीसुद्धा मला हिंमत होईल की नाही, सांगता येत नाही. रात्रभर मला तिसऱ्या ऑपरेशनची भीती वाटून राहिली आहे. माझी पत्रं फौजी टपालाच्या, ए.पी.ओ.च्या पत्त्यावर कुठे फिरत असतील देव जाणे, म्हणून त्यात जे लिहिलं ते तुला तोंडाने सांगेन. ऐकून घ्यायचं नसेल तर तेही ठीक.

उद्याच्या गाडीने आम्ही दोघं निघतो. शनिवारी सकाळी पोचू. आई सरळ तुझ्याजवळ येईल. मी वॉर्डाबाहेर बाक असेल तिथे बसेन. मला आत बोलवायचं की बाहेरच बसवायचं, ते तू ठरव. मी महिनाभराची रजा टाकली आहे.

बाबा